अंड्याला लावलेली तीट

एका मोठ्या शहराच्या मधोमध एक बाग होती, आणि त्या बागेच्या कोपऱ्यात, मेंदीच्या कुंपणाला टेकून, एक इवलीशी खोली होती. खोली कसली, बागेची हत्यारं ठेवायची जागा. तिच्या एका भिंतीला कुदळी, घमेली आणि पाण्याच्या नळ्या असत. दुसऱ्या भिंतीला शेवंती, तिची आई हौसा आणि नऊ महिन्यांचा भाऊ धोंडू राहत. शेवंतीला सगळे शेवू म्हणत. ती आठ वर्षांची होती.

शेवूचे वडील या बागेचे माळी होते. गेल्या पावसाळ्यात ते तापानं गेले. धोंडू तेव्हा अगदी तान्हा होता. तेव्हापासून हौसा बाग झाडायची, झाडांना पाणी घालायची, आणि खोली त्यांच्याकडे राहिली होती. पण ती त्यांची नव्हती. बागेचे मुकादम दौलतराव अधूनमधून दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "हौसाबाई, ही खोली माळ्याची आहे. तुम्हाला दयेनं दिलीय, लक्षात असू द्या."

हौसा मान खाली घालायची. त्या दिवशी तिच्या हातची भाकरी हटकून करपायची.

धोंडू हे नाव आईनं मुद्दाम ठेवलं होतं. धोंड्याला कोण नजर लावणार? तरी रोज सकाळी शेवू त्याला मांडीवर घ्यायची आणि त्याच्या गुबगुबीत गालावर काजळाची तीट लावायची. दिव्यावर धरलेलं, तुपात कालवलेलं काळंभोर काजळ. त्याची चिमुकली डबी तिच्या कमरेला खोचलेली असायची.

चैत्र आला आणि शहरानं एक गंमत केली. शहरभर शंभर अंडी मांडली. खरी नव्हे, फायबरची, माणसाहून उंच, गुळगुळीत आणि गोलमटोल. प्रत्येक अंडं एकेका चिताऱ्यानं रंगवलेलं. पुलावरच्या अंड्यावर चंदेरी मासोळ्या पोहत होत्या. स्टेशनसमोरच्या अंड्यावर लाल-पिवळे पतंग उडत होते. मंडईतलं अंडं वांग्यासारखं जांभळं होतं आणि त्यावर हिरव्यागार मिरच्यांची वेल चढली होती. मुलं हातात नकाशा घेऊन या अंड्याकडून त्या अंड्याकडे धावायची आणि प्रत्येक ठिकाणी नकाशावर एक शिक्का उमटवून घ्यायची.

शंभरांतलं एक अंडं बागेत होतं, बकुळीच्या झाडाखाली. ते नारबाआजोबांनी रंगवलं होतं.

नारबाआजोबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पोळ्याला बैलांची शिंगं रंगवली, देवळांच्या भिंतींवर मोर काढले. आता त्यांचा हात थरथरायचा. ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून कुंचला चालवायचे. चैत्राआधीचे दोन महिने ते रोज बागेत आले आणि शेवू त्यांच्या शेजारी पाण्याची वाटी धरून बसली. अंड्यावर खाली हिरवं गवत उगवलं, गवतात माणकांसारखी लाल फुलं उमलली. वर पहाटेचं आकाश पसरलं, आधी जांभळट, मग गुलाबी, मग केशरी, आणि शेंड्याला लखलखीत सोनेरी. त्या आकाशात इवलेइवले पक्षी उडाले. मोजायला बसलं तर दुपार सरेल इतके.

"आजोबा, हे अंडं फुटलं तर आतून काय निघंल हो?" शेवूनं एकदा विचारलं.

आजोबांनी तिच्या वाटीत कुंचला बुडवला. "सकाळ," ते म्हणाले.

अंडं पुरं झालं त्या दिवशी दौलतराव मुकादम खोलीच्या दारात आले.

"हौसाबाई, शनिवारी पाहणीच्या बाई येणार. शंभरांतलं एक अंडं निवडणार, ते कायमचं राहणार. तोवर आपल्या अंड्याची राखण तुमच्याकडे. त्याला ओरखडा जरी उठला, तरी दुसऱ्या दिवशी खोली रिकामी. मग माझ्यापुढे रडायचं नाही."

झालं. हौसाच्या डोळ्यांतली झोप उडाली. पहाटे उठून ती आधी अंड्याकडे धावायची. पाखरू बसलं तरी पदरानं हाकलायची. मुलांचा चेंडू त्या बाजूला गेला की ती झाडू टाकून पळायची. आईची भीती शेवूच्याही पोटात येऊन बसली. जेवताना ती तिथंच असायची, गिळलेल्या बोराच्या बीसारखी.

शुक्रवारी सकाळी बागेत फार गर्दी झाली. दोन बायका अंड्यापुढे उभ्या राहिल्या. शेवू धोंडूला काखेत घेऊन मागेच होती.

"अगंबाई, कसलं देखणं गं!" पहिली म्हणाली. "दृष्ट लागेल एखाद्याची."

"मंडईतल्याला लागलीच की," दुसरी म्हणाली. "आत्ता बघून आले. वरून खालपर्यंत चीर गेलीय. लोक बघतात तरी किती टक लावून!"

शेवूनं पाहिलं, तर खरंच, सगळी बाग अंड्याकडे टक लावून बघत होती. एवढे डोळे! आणि उद्या शनिवार. अंड्याला चीर गेली तर? मग खोली गेली. मग धोंडूचा पाळणा कुठं बांधायचा?

दुपारी बाग बंद झाली. आई लांब, गुलाबाच्या वाफ्यात होती. उन्हात अंडं चमचमत होतं, एकटं, उघडं. शेवू त्याच्याजवळ गेली.

"तुला कुणी लावलीच न्हाई व्हय?" ती हळूच म्हणाली.

तिनं कमरेची डबी काढली. मग अडली. अंड्याचा गाल कुठला? तिनं समोरून बघितलं, बाजूनं बघितलं. धोंडूच्या चेहऱ्याशी ताडून बघितलं. शेवटी टाचा उंचावून, डाव्या अंगाला, केशरी संपून सोनेरी सुरू होतं तिथं, तिनं बोट टेकवलं. मसुराच्या डाळीएवढी काळी तीट लागली.

"आता भ्यायचं न्हाई," ती अंड्याला म्हणाली. तिच्या पोटातली भीती कितीतरी दिवसांनी हलकी झाली.

पण चैत्रातलं ऊन ते. तुपातलं काजळ उन्हानं वितळलं, पसरलं, रुपयाएवढं झालं आणि त्याचा एक बारीक ओघळ खाली आला. तीन वाजता बाग उघडायला मुकादम आले, त्यांनी अंडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"गालबोट लागलं!" ते ओरडले. "अरे, सगळ्या कामाला गालबोट लागलं!"

शेवू झाडामागं होती. तिला आधी आनंदच झाला. म्हणजे मुकादमांना कळलं! गालबोटच ते. 'हो, मीच लावलं,' असं सांगायला ती एक पाऊल पुढेही आली. मग तिला मुकादमांचा चेहरा दिसला. लालबुंद, रागानं थरथरणारा. तेव्हा तिला उमगलं, की हाच शब्द लोक नासधूस झाली म्हणूनही वापरतात. आपण राखायला लावलं आणि तेच डाग ठरलं.

ती धूम पळाली. मुकादमांना तिच्या परकराचं टोक तेवढं दिसलं, तोवर ती मेंदीच्या कुंपणात शिरली होती.

आत हिरवा, गार, वासाचा अंधार होता. आणि त्या अंधारात काहीतरी मिणमिणत होतं. बुलबुलाचं वाटीएवढं घरटं होतं, त्यात गुलाबी अंडी होती, आणि घरट्याच्या काठावर बोटभर उंचीची एक परी बसली होती. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ होते, कधी निळे दिसत, कधी रुपेरी. हातात केसाएवढा कुंचला. ती जीभ दातांत धरून एका अंड्यावर तांबूस ठिपके देत होती.

"हलू नकोस गं," परी म्हणाली. "फांदी हलली की माझा ठिपका वाकडा पडतो."

शेवूनं श्वास रोखला. परीनं शेवटचा ठिपका दिला आणि वर पाहिलं. "त्या थोरल्या अंड्याला तीट कुणी लावली? मी तर म्हटलं, माझी कोणी बहीण या गावात आली की काय!"

"मी लावली," शेवू पुटपुटली. "तुम्ही पण तीट लावता?"

"मग? पाखरांच्या अंड्यांवर ठिपके कशाला असतात, वेडाबाई? बुलबुलाला तांबूस, टिटवीला काळे. उघड्यावरची अंडी ती, कुणाचीही नजर पडायची. पोपटाचं अंडं ढोलीत, तिथं कोण बघतंय? म्हणून ते पांढरंच ठेवते." परीनं कुंचला उजेडात धरला. त्याच्या टोकावर दोन थेंब लुकलुकत होते. "दोन थेंब उरलेत. तू माझं काम केलंस, म्हणून दोन्ही तुझे. माग काय मागायचं ते. पण आधी नियम ऐक."

"सांगा."

"मला रंग लावता येतो, पुसता येत नाही. तेव्हा पुसायला सांगू नकोस. आणि मी रंगानं ज्याला लपवते, त्यानं गप्प राहायचं. एक शब्द तोंडातून निघाला, की रंग उतरला."

इतक्यात बाहेर मुकादमांच्या बुटांचा आवाज आला. "शेवंते! कुठाय ती पोरगी?"

शेवू इतकी घाबरली की तिनं विचारच केला नाही. "मला लपवा! कुणाला दिसू नको असं करा!"

टप्प. एक थेंब तिच्या कपाळावर पडला. गार लहर डोक्यापासून पायापर्यंत गेली. तिनं हात पाहिले, तर ते मातीच्या आणि वाळक्या पानांच्या रंगाचे झाले होते. परकर गवतासारखा. केस सावलीसारखे. टिटवीचं अंडं खड्यांत दिसत नाही, तशी ती दिसेनाशी झाली. मुकादम तिच्यापासून दोन हातांवरून गेले, पण त्यांना नुसती झुडपं दिसली.

शेवू हळूहळू बकुळीजवळच्या झुडपाशी आली. तिथं आई उभी होती, धोंडूला छातीशी घट्ट धरून.

"साहेब, माझी पोर असं करणार न्हाई," हौसा म्हणत होती. तिचा आवाज फाटला होता. "मीच कुठंतरी कमी पडले. पण आम्हाला घालवू नका. एवढं तान्हं घेऊन मी कुठं जाऊ?"

"ते नंतर. आधी त्या म्हाताऱ्याला बोलावलंय, त्याला बघू दे."

नारबाआजोबा आले. त्यांनी चष्मा पुसला, लावला. डागाजवळ डोळे नेले. मग त्यांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहिलं. तो वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता.

"माझाच थेंब असणार," ते म्हणाले. "आज बाग बंद होता होता पाखरांचे डोळे ठीक करायला आलो होतो. काळा रंग होता हातात. पडला असेल. कळलंसुद्धा नाही मला."

"मग पुसून टाका!"

"पुसलं तर पसरेल, मुकादम. खालचं सोनंही निघेल. राहू द्या." आजोबांनी खिशातून आपला कुंचला काढला, दाढीच्या खुंटांवरून एकदा फिरवला आणि बकुळीच्या बुंध्याशी ठेवून दिला. "आता रंगाला हात लावायचा नाही. अंड्याखालच्या पाटीवर माझं नाव घातलंय ना, तेवढं काढा. या बाईंचा काही दोष नाही."

"असं होय," मुकादम जरा नरमले. "मग हौसाबाई, तुमची खोली राहिली. जा, कामाला लागा."

हौसानं डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

खोली राहिली! शेवूला रडू आणि हसू एकदम आलं. आता फक्त गप्प राहायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. परीचा रंगही उतरणार नव्हता. संध्याकाळी अंधार पडला की हळूच घरी जायचं, आईच्या कुशीत शिरायचं.

पण आजोबा वाटेला लागले होते. रिकामे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. एवढे सावकाश ते कधीच चालत नसत. धोंडूनं मान वळवली. त्याला कसं कळलं कोण जाणे, तो नेमका शेवू उभी होती त्या झुडपाकडे बघून खिदळला आणि दोन्ही हात पुढे केले. त्याच्या गालावरची सकाळची तीट घामानं ओघळली होती. अगदी अंड्यावरच्यासारखी.

बोललं तर खोली जाणार. न बोललं तर आजोबा जाणार. आजोबा फाटकाशी पोचले. फाटकाची कडी वाजली.

"आजोबा! तो थेंब तुमचा न्हाई!"

तिच्या अंगावरून रंग सरसर उतरला. वाळकी पानं गळून पडावीत तसा. सगळ्यांना दिसलं, झुडपातून एक रडवेली मुलगी धावत निघाली.

"तीट हाय ती! मी लावली. धोंडूच्या काजळाची. सगळी माणसं टक लावून बघत होती, मंडईतल्याला चीर गेली... मला वाटलं... तुमचा हात चांगला हाय आजोबा!"

"तीट?" मुकादमांचे डोळे मोठे झाले. "अंड्याला तीट?"

नारबाआजोबा परत आले. त्यांनी डागावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. "तूप," ते म्हणाले. "काजळच हे." आणि ते मातीत बसून हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. "दोन महिने नटवलं मी याला. नखशिखांत नटवलं. आणि शेवटी तीट लावायची तेवढी राहिली! माझ्या आईनं मला बोलच लावला असता. मुकादम, राहू द्या ती. डाग नाही तो."

पण मुकादम हसले नाहीत. उद्या बाईंना काय सांगायचं, ही धास्ती त्यांना होतीच. "मी बोलल्याप्रमाणे वागणार. हौसाबाई, उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी."

संध्याकाळी हौसानं लुगड्याचं बोचकं बांधायला घेतलं. भांडी त्यात घातली, पाळण्याची दोरी सोडून घातली. ती शेवूला एक शब्दही रागानं बोलली नाही. तेच शेवूला फार लागलं.

"आई, मी गप बसायला पाहिजे होतं व्हय?"

हौसानं गाठ करकचून आवळली. "न्हाई. म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावून ह्या खोलीत मला घास गेला नसता." मग तिचा आवाज खाली गेला. "पण शेवे, आता जायचं कुठं गं?"

शेवू मेंदीच्या कुंपणाशी गेली. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. परी घरट्याच्या काठावर पाय सोडून बसली होती.

"एक थेंब आहे अजून," परी हळुवारपणे म्हणाली. "मला खोली देता येत नाही, पण लपवता येते. दार कुंपणाच्या रंगाचं करते. भिंती पानांच्या. मुकादमांना ती कधी सापडणारच नाही. तुम्ही आत सुखानं राहा. नियम मात्र तोच. गप्प राहायचं."

शेवूचे डोळे चमकले. मग तिनं विचारलं, "धोंडू रडला तर?"

"रंग उतरेल."

"हसला तर?"

"तरीही."

शेवू खाली बसली. तिला दिसलं, पानांच्या भिंतींत धोंडू मोठा होतोय, आणि आई सारखी त्याच्या तोंडावर हात ठेवतेय. तिनं मान हलवली. "नको. त्याला रडता यायला पाहिजे."

"मग काय मागतेस? सूर्य बुडाला की थेंब वाळेल."

शेवूनं बकुळीकडे पाहिलं. मावळतीच्या उन्हात अंडं विस्तवासारखं पेटलं होतं. उद्या इथं आपण नसू, तरी याला निदान तीट आहे. पण बाकीची? पुलावरचं, स्टेशनासमोरचं, मंडईतलं चीर गेलेलं. दिवसभर उन्हात उभी, आणि सगळं गाव त्यांच्याकडे बघतंय.

"परीताई, त्या सगळ्या अंड्यांना तीट लावाल? त्यांचं घरचं माणूस कुणी न्हाई."

परीनं कुंचला खाली घेतला. तिचे पंख हलायचे थांबले. "आणि तुला काही नको?"

"मला आई लावती की."

परीनं कुंचला उचलला. सूर्याचा शेवटचा किरण त्या थेंबातून गेला, थेंब फुटला, आणि त्याचे काळ्या मण्यांएवढे नव्याण्णव कण गुंजारव करत शहरावर उडून गेले.

शनिवारी सकाळी मुकादमांचा फोन वाजायला लागला तो थांबेचना.

"काय? पुलावरच्या अंड्याला? ...स्टेशनावरच्यालाही? ...अहो, सगळ्यांना?"

ते घामाघूम झाले. हौसा बोचकं घेऊन दारात उभी होती. शेवूच्या काखेत धोंडू होता. तेवढ्यात पाहणीच्या बाई फाटकातून आल्या. त्यांच्यामागं माणसांचा घोळका होता, कितीतरी बायका आणि शिक्क्यांचे नकाशे घेतलेली मुलं. नारबाआजोबाही आले.

"मी पहाटेपासून नव्याण्णव अंडी बघून आले," बाई म्हणाल्या. "एकूण एक अंड्याला इवलीशी काळी तीट आहे. पुलावर तर आज्ज्या अंड्यावरून हात ओवाळून बोटं मोडताहेत. मंडईतल्या अंड्याची चीर काल वाढत होती, ती ठिपक्यापाशी येऊन थांबलीय. हे केलंय तरी कुणी?"

"हिनं!" मुकादमांनी शेवूकडे बोट दाखवलं. "हिनंच! आईला खोली रिकामी करायला सांगितलंय मी."

बाईंनी शेवूला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खालपर्यंत म्हणजे फार लांब नव्हतं. "एका रात्रीत शंभर अंडी? हिचा हात तरी पोचतो का?"

पण शेवू म्हणाली, "ह्या एकाला मी लावली, बाई. बाकीच्यांना परीनं लावली. पण तिला सांगितलं मीच. आईला काही ठाऊक नव्हतं."

घोळक्यात कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या शेवूपुढे खाली बसल्या. "का सांगितलंस?"

"लोक फार टक लावून बघत्यात. त्यांना काही होऊ नये म्हणून."

बाई उठल्या आणि अंड्याजवळ गेल्या. सोनेरी आकाशातली ती ओघळलेली तीट त्यांनी निरखून पाहिली. "मी निवड करायला निघाले होते," त्या म्हणाल्या. "सगळी देखणी आहेत, कसं निवडायचं तेच कळत नव्हतं. पण हातानं लावलेली तीट एवढ्या एकालाच आहे. हे अंडं इथंच राहील. तिटेसकट. दौलतराव, याची काळजी कोण घेतं?"

"ह्या... ह्या हौसाबाई," मुकादम अडखळले.

"मग त्यांनाच बागेच्या माळीण म्हणून नेमा. आजपासून. माळ्याची खोली माळिणीचीच असते ना?"

"असते, बाई," मुकादम म्हणाले. त्यांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि खालच्या आवाजात हौसाला म्हणाले, "मी जरा जास्तच बोललो, हौसाबाई."

हौसानं हातातलं बोचकं खाली ठेवलं. नारबाआजोबांनी बुंध्याशी वाकून आपला कुंचला उचलला. बाईंनी विचारलं, "आजोबा, पुढच्या चैत्रात एक अंडं रंगवाल?"

"हात हलतो माझा," आजोबा म्हणाले. "पण पाखरं काढताना बरं असतं ते. पंख आपोआप फडफडतात."

शेवू कुणाचं लक्ष नाहीसं बघून मेंदीच्या कुंपणाकडे पळाली. घरट्यात बुलबुली अंड्यांवर बसली होती. परी वरच्या फांदीवर उभी होती. तिचा कुंचला पांढराशुभ्र, कोरडा झाला होता.

"संपला रंग?" शेवूचा चेहरा पडला.

"संपला. आता भरून आणायला हवा. अजून कितीतरी घरटी राहिलीत." परीनं खाली वाकून आपला इवलासा गाल शेवूच्या गालाला टेकवला. तो कोवळ्या उन्हासारखा कोमट होता. "नीट राहा हं, शेवंते."

मग ती पूर्वेकडे तोंड करून उडाली. आधी निळी दिसली, मग गुलाबी, मग केशरी. मग नुसता सोन्याचा एक कण झाली, आणि तो कण उजेडात मिसळून गेला. मेंदीच्या पानापानावर क्षणभर ऊन थरथरलं.

शेवू घरी आली, तेव्हा आई खोलीत बोचक्यापुढे बसली होती. काल भीतीनं मारलेली गाठ ती, फार घट्ट बसली होती. काही केल्या सुटेना. आईनं एक टोक धरलं, शेवूनं दुसरं धरलं, आणि धोंडू मोकळ्या गळ्यानं रडत असताना दोघींनी मिळून ती सोडवली.